चिन्नोर दुबईला जाणार होता, त्याची गोष्ट

"काय भाऊ, तुमच्या दुबईचं काय झालं?"

गेली दोन वर्षं हा प्रश्न मी ऐकतोय. तुमसरच्या मार्केट यार्डात, बपेऱ्याच्या चहाटपरीवर, लग्नाच्या पंगतीत. विचारणारा कधी थट्टेत विचारतो, कधी खरंच. ज्या बावीस जणांनी माझ्या आणि माझ्या तीन सोबत्यांच्या शब्दावर २०२३ च्या खरिपात चिन्नोर लावला, त्यांना थट्टा करायचा पूर्ण हक्क आहे. त्यांना तोंडी उत्तर दिलंय, पण तुकड्यातुकड्यांत. आज सगळं लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं. सिहोरा म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचा मध्य प्रदेशाला लागलेला भाग. इकडे चांदपूरचा जलाशय, तिकडे बावनथडी, आणि नदी ओलांडली की बालाघाट जिल्हा. इथे कोणाच्याही घरी गेलात तर पहिला प्रश्न तब्येतीचा आणि दुसरा धानाचा. चिन्नोर हा आपल्याकडचा जुना वासाचा धान. दाणा बारीक, फार लांब नाही. रोप उंच वाढतं, बाकीचे धान कापून झाले तरी हा बांधीत उभाच असतो, आणि वारा आला की लोळतो. एकरी आठ, नऊ, फार झालं तर दहा क्विंटल. त्याच बांधीत जाड धान अठरा क्विंटल सहज देतो. म्हणून बहुतेकांकडे चिन्नोर असतो तो घरापुरता. अर्धा एकर, पाहुण्यांसाठी, लेकीकडे पाठवायला. शिजला की तिसऱ्या घरी कळतं.

२०२२ च्या दिवाळीत माझा भाचा सुटीवर आला होता. तो दुबईला जेबेल अली बंदराजवळच्या एका गोदामात कामाला आहे. जाताना त्याच्या आईने बॅगेत दहा किलो चिन्नोर कोंबला. खोलीत त्याच्यासोबत केरळचा एक पोरगा राहतो. त्याने त्या तांदळाचा तुपातला भात केला आणि दुसऱ्या दिवशी एक पुडी घेऊन देऱ्यातल्या आपल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेला. त्या व्यापाऱ्याने दाणा हातावर घेतला, वास घेतला आणि म्हणाला, हा तर आमच्या जीरकसालाचा भाऊ आहे.

जीरकसाला म्हणजे वायनाडचा बारीक वासाचा तांदूळ, मलबारची बिर्याणी ज्याची करतात तो. आपल्याला वाटतं आखातात फक्त बासमती चालतो. अरब घरांत बासमतीच, ते खरंच. पण अमिरातीत दर दहा माणसांमागे जवळजवळ नऊ बाहेरचे, आणि त्यांत सर्वांत जास्त आपले भारतीय. मल्याळी, आंध्राचे, तमिळ, बांगलादेशी, फिलिपिनो, प्रत्येकाचा तांदूळ वेगळा. त्या देशात धान पिकत नाही. म्हणजे प्रत्येकाच्या ताटातला भात जहाजातून येतो. या बाजारात वासाच्या छोट्या दाण्याला जागा आहे, हे आम्हाला त्या पुडीमुळे कळलं. नाहीतर आमची निर्यातीची कल्पना पेपरातल्या फोटोपुरती. हिरवा झेंडा, हार घातलेला ट्रक, झालं.

व्यापाऱ्याचा निरोप आला. नमुना पाठवा, जमलं तर पुढच्या हंगामात एक कंटेनर घेतो.

आम्ही चौघं खूश. मग हिशेब करायला बसलो आणि चेहरे उतरले. वीस फुटी कंटेनरमध्ये तांदूळ बसतो साधारण २५ टन. चिन्नोर भरडला की कणी, कोंडा, कोंढा वजा जाता शंभर किलोमागे साठ किलो अख्खा तांदूळ हातात आला तर नशीब. म्हणजे २५ टनांसाठी चारशे क्विंटलच्या वर धान. एकरी नऊ धरले तर सेहेचाळीस-सत्तेचाळीस एकर. तेही एकाच बियाण्याचे, भेसळ नको, कारण एका कट्ट्यात दुसरा दाणा दिसला की सगळा माल खाली. अर्धा-अर्धा एकर घरापुरता लावणाऱ्या गावांत सत्तेचाळीस एकर चिन्नोर गोळा करायचा होता.

फिरलो. उन्हाळाभर फिरलो. सिहोरा आणि आसपासच्या गावांत बैठका घेतल्या. शेतकऱ्याचा प्रश्न एकच, आणि बरोबर: "जाड धानाले सरकार २१८३ देते, वरून बोनस. तुमी का देसान?" आम्ही ४५०० रुपये क्विंटल बोललो. नऊ क्विंटलचे चाळीस हजार होतात, जाड धानाच्या अठरा क्विंटलचे जवळपास तेवढेच. पण चिन्नोरला खत कमी लागतं, आणि भाव जमला तर पुढच्या वर्षी वाढेल, असं आम्ही सांगितलं. बावीस जण तयार झाले. बियाणं आम्ही उधारीवर दिलं. आयात-निर्यातीचा कोड काढला, अपेडाची नोंदणी केली, अन्नसुरक्षेचा परवाना घेतला. एका सोबत्याच्या बायकोने मंगळसूत्र सोडून बाकी सोनं गहाण ठेवू दिलं. हे ती वाचणार आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. पऱ्हे टाकायलाच जून संपत आला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पऱ्हे रोवणीला आले, बांध्यांत चिखल झाला, बायकांच्या टोळ्या ठरल्या. आणि २० जुलै २०२३ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आली: बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी.

पहिल्यांदा वाटलं अफवा. सकाळी अधिसूचना मोबाईलवर उघडली. तीत तांदळाचा आठ आकडी कोड होता, १००६३०९०. सीमाशुल्काच्या यादीत तेव्हा या कोडाचं नाव होतं "इतर". बासमतीला वेगळा कोड, उकड्याला वेगळा कोड, आणि उरलेला देशभरातला सगळा पांढरा तांदूळ, जाडा, बारीक, वासाचा, बिनवासाचा, तो "इतर". आपला चिन्नोर त्यात.

सरकारचं कारण खोटं नव्हतं. एका वर्षात देशातला तांदळाचा किरकोळ भाव साडेअकरा टक्क्यांनी वाढला होता. एल निनोची भीती होती. तीनच दिवस आधी रशियाने काळ्या समुद्रातल्या धान्याच्या करारातून अंग काढून घेतलं होतं, जगभर धान्याचे भाव हलत होते. आणि जगाच्या तांदूळ व्यापारात चाळीस टक्के वाटा आपला. घरचा दिवा आधी, हे कोणालाही पटेल. मलाही पटलं, आणि पटवणारी एक रोवणारी आजी होती. मी धुऱ्यावर उभा राहून सरकारला बोलत होतो. तिने कंबर सरळ केली, हातातली पेंडी खाली ठेवली आणि म्हणाली, "तांदूळ महाग झाला तं आमी का खावाचं, भाऊ? तुमी त इकता, आमी त इकत घेतो." मी गप्प बसलो. जी धान रोवते तिला उन्हाळ्यात तांदूळ विकत घ्यावा लागतो, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे आणि निर्यातीच्या बैठकीत कोणीच बोलत नाही.

पण तिचा तांदूळ आणि चिन्नोर हे एक नाहीत. ती ऐंशी रुपयांचा चिन्नोर खात नव्हती आणि बंदी आली म्हणून खाणारही नव्हती. ऐंशी रुपयांचा बासमती मात्र सुटला होता.

माझी खरी खंत तारखेची आहे. त्या अधिसूचनेत सवलती होत्या. ज्या जहाजात माल चढवायला सुरुवात झाली आहे, ते जाऊ द्या. ज्याची कागदपत्रं दाखल झाली आणि जहाज बंदरात लागलं, ते जाऊ द्या. ज्याचा माल कस्टमच्या ताब्यात गेला, तो जाऊ द्या. म्हणजे जहाजाचा विचार झाला होता. पऱ्ह्यांचा झाला नव्हता. तीन आठवड्यांचे पऱ्हे काही फाईल नाही, की बाजूला ठेवले आणि पुढच्या महिन्यात उघडले. २० जुलैला चिन्नोर उपटून जाड धानाचे पऱ्हे टाकले असते तर रोवणी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेली असती. सोंड्याटोल्याचं पाणी असो की नसो, इतक्या उशिरा रोवलेल्या धानाचं काय होते ते इथल्या पोरालाही माहीत आहे.

बावीस जण माझ्या अंगणात जमले. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एक काकाजी म्हणाले, "पऱ्हे तं रोवाच लागन. आता तू सांग, भाव का देशीन?" मी म्हणालो, बंदी चार-सहा महिन्यांत उठेल, आपला माल डिसेंबरात निघतो, जानेवारीत जाईल. हे मी कशाच्या जोरावर बोललो ते आजही सांगता येत नाही. रोवणी झाली.

आठच दिवसांनी, २८ जुलैला, अमिरातीने आपल्या देशातून तांदूळ पुन्हा बाहेर पाठवायला चार महिन्यांची बंदी घातली. आमच्या बंदीचा धक्का त्यांना बसला होता, ते आपले साठे राखत होते. देऱ्याच्या व्यापाऱ्याचा भाच्यामार्फत निरोप आला, भाव वाढून मिळेल, काहीही करून पाठवा.

"काहीही करून" याचे दोन मार्ग निघाले. दोन्ही लिहितो, कारण आपल्यातल्या कोणाला पुढे असा सल्ला मिळाला तर ओळखता यावा.

पहिला मार्ग नागपूरच्या एका एजंटाने सुचवला. कागदावर "उकडा" लिहायचं. उकड्यावर बंदी नव्हती, ऑगस्टच्या २५ तारखेला त्यावर वीस टक्के शुल्क लागलं, पण तो जात होता. असं आपणच पहिल्यांदा ऐकत होतो असं नाही. पांढरा तांदूळ बासमतीच्या नावाने बाहेर जातोय, हे केंद्र सरकारने स्वतः सांगितलं आणि त्यासाठीच ऑगस्टच्या शेवटी बासमतीला टनाला १२०० डॉलरची किमान किंमत लावली. मी खोटं बोलणार नाही, आम्ही दोन रात्री विचार केला. सोनं गहाण होतं. शेवटी आमच्या गिरणीवाल्या मामाजींनी तो विषय संपवला. त्यांनी एका मुठीत उकडा घेतला, दुसऱ्या मुठीत चिन्नोर, आणि एजंटाच्या समोर धरला. उकडा पिवळसर, काचेसारखा. चिन्नोर पांढरा. "आंधळा कस्टमवाला कोठी भेटते तेवढं सांग," म्हणाले. मामाजी नीतीवर बोलले नाहीत, धंद्यावर बोलले, पण काम झालं.

दुसरा मार्ग व्यापाऱ्याचा होता आणि तो जास्त गोड होता. बंदी उठली की माल पाठवा, पण पोत्यावर चिन्नोर लिहू नका, मी जीरकसाला म्हणून विकतो. भाव जास्त येईल, गिऱ्हाईक तयार आहे. त्याचा हेतू वाईट नव्हता. दुकानदाराला ओळखीचं नाव लागतं. पण वायनाडच्या जीरकसालाला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. चिन्नोरलाही आहे, नदीच्या पलीकडच्या बालाघाट चिन्नोरला आहे आणि आपल्या भंडारा चिन्नोरलाही. इतकी वर्षं धडपडून मिळालेलं नाव आपणच पोत्यावरून पुसून दुसऱ्याचं चोरायचं? आम्ही नाही म्हणालो. सोपं नव्हतं.

२५ सप्टेंबरला आणखी एक गंमत झाली. गंमतच म्हणतो. केंद्राने अमिरातीला ७५ हजार टन बिगर-बासमती पांढरा तांदूळ पाठवायला परवानगी दिली. मी पहिली ओळ वाचून उठून उभाच राहिलो. पुढची ओळ होती की तो राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत जाईल. ही संस्था त्याच वर्षी जानेवारीत नोंदली गेली. देशातली कोणतीही सहकारी संस्था, अगदी गावातली सेवा सहकारी सोसायटीसुद्धा, तिची सभासद होऊ शकते. म्हणजे दुबईचं दार बंद नव्हतं, फक्त वेगळ्या बाजूने उघडत होतं. आमच्याकडे तेव्हा सभासद असलेली सोसायटी नव्हती आणि आम्हाला ते माहीतही नव्हतं. ही आमची चूक, दुसऱ्या कोणाची नाही.

डिसेंबरात चिन्नोर कापला. पुंजणे रचले, चुरणी झाली. चारशे क्विंटलच्या आसपास धान हाती आला. बंदी तशीच. आम्ही भरडून पाच-पाच किलोच्या थैल्या केल्या, नागपूरला प्रदर्शनांत विकल्या, ओळखीच्या घरांत दिल्या. उरलेला व्यापाऱ्याला. शेतकऱ्यांच्या हातात सरासरी ३७०० रुपये पडले. बोललेल्या भावाला आठशे कमी. चारशे क्विंटलवर आठशे म्हणजे सव्वातीन लाख होतात. कोणी कोर्टात गेलं नाही, कोणी शिवी दिली नाही. पुढच्या खरिपात बावीसचे नऊ झाले, बस. आपल्याकडे माणूस रागावला की बोलत नाही, बियाणं बदलतो.

आता मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. एप्रिल २०२४. बंदी कायम असताना केंद्राने उत्तर प्रदेशच्या काळानमक तांदळाला एक हजार टनांची सूट दिली. काळानमक म्हणजे सिद्धार्थनगर भागातला मानांकन असलेला वासाचा तांदूळ. म्हणजे आपल्या चिन्नोरसारखाच, "इतर" या कोडात अडकलेला. ठरावीक सहा ठिकाणांहून तो बाहेर जाऊ शकत होता, आणि त्या सहांत एक ठिकाण होतं आपल्या महाराष्ट्रातलं जवाहरलाल नेहरू कस्टम हाऊस, न्हावा-शेवा. गोरखपूरच्या बाजूचा तांदूळ आमच्या न्हावा-शेव्याहून जाणार, आणि भंडाऱ्याचा नाही. काळानमकवाल्यांचा मला राग नाही, उलट कौतुक आहे. त्यांच्या बाजूने कोणीतरी फाईल घेऊन दिल्लीत बसलं असणार. चिन्नोरची फाईल घेऊन कोण बसलं होतं?

आठवा, ते दिवस लोकसभेच्या प्रचाराचे होते. १९ एप्रिलला आपलं भंडारा-गोंदियाचं मतदान झालं. सभा झाल्या, धानाच्या बोनसवर भाषणं झाली. मी गेलो त्या एकाही सभेत काळानमकचं किंवा चिन्नोरच्या सुटीचं नाव निघालं नाही, आणि खरं सांगायचं तर ऐकणाऱ्यांतूनही कोणी विचारलं नाही. मीही उठून विचारलं नाही. त्याच महिन्याच्या शेवटी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची सूट मिळाली तेव्हा नाशिकने केवढा गोंधळ केला, पेपर भरले होते. कांदेवाल्यांना बोलता येतं. आपण धानवाले बोनसच्या तारखेसाठी बोलतो, तेवढ्यात आपलं बोलणं संपतं.

२८ सप्टेंबर २०२४ ला बंदी उठली. टनाला ४९० डॉलर किमान किंमत ठेवली होती, म्हणजे किलोला साधारण एक्केचाळीस रुपये. चिन्नोर त्याच्या दुप्पट, त्यामुळे आम्हाला तिचा त्रास नव्हता. महिनाभरात तीही गेली. पण आता आमच्याकडे नऊच जण, अठरा एकर. कंटेनर भरणार नव्हता. नागपूरच्या एका निर्यातदाराच्या कंटेनरमध्ये जागा मागून सहा टन पाठवले. नागपूरहून रेल्वेने न्हावा-शेवा, तिथून जेबेल अली. पोत्यावर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहिलं: भंडारा चिन्नोर. भाच्याने गोदामाच्या दारात उभं राहून पोत्याचा फोटो पाठवला. तो फोटो माझ्या आईने शेजारच्या चार घरी दाखवला. कुठे दुबई, कुठे सिहोरा, तिला फक्त अक्षरं ओळखू आली.

पैसे आले, पण कापून. ठरलं होतं तुकडा पाच टक्क्यांच्या आत. निघाला आठ. व्यापाऱ्याने मोजून दाखवला, वाद घालायला जागा नव्हती. चूक कुठे झाली ते मामाजींनी सांगितलं. आपण चिन्नोर कापून बांधीत आठ-दहा दिवस पसरून ठेवतो, मग पुंजणे. दिवसा ऊन, रात्री दव. दाणा वाळतो, ओला होतो, पुन्हा वाळतो आणि आतून तडकतो. बाहेरून कळत नाही, गिरणीत गेला की दोन तुकडे. घरी खायला काही फरक पडत नाही, कणीचा भातही गोड लागतो. बाहेरच्या बाजारात तोच दाणा निम्म्या किमतीचा. दुबईने मला सरकारचं धोरण शिकवलं तसं माझ्याच खळ्यावरचं हेही शिकवलं. याही गोष्टीचा राग कोणावर काढायचा?

आता चांगली बातमी, आणि ही फार कमी लोकांना माहीत आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्काची यादी बदलली आणि १ मे २०२५ पासून भौगोलिक मानांकन असलेल्या तांदळाला वेगळा कोड मिळाला. म्हणजे चिन्नोर आता कागदावर "इतर" नाही. उद्या पुन्हा पांढऱ्या तांदळावर बंदी आली तर सरकारला मानांकनाचा तांदूळ वगळणं एका ओळीचं काम आहे. आधी "आम्हाला ओळखता येत नाही" असं म्हणायला जागा होती, ती गेली.

पण हा कोड आपोआप आपला होत नाही. मानांकन मिळालं ते नावाला. ते नाव वापरायचं तर पिकवणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. फी नाममात्र आहे, अर्ज लहान आहे, कंटाळा मात्र मोठा आहे. आमच्या बावीसमधला २०२३ ला एकही नोंदलेला नव्हता. मीसुद्धा नाही! तेव्हा काळानमकसारखी सूट मिळाली असती तर आम्ही कोणता कागद दाखवला असता, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारतो आणि उत्तर मला आवडत नाही.

माझं सरकारकडे मागणं छोटं आहे. निर्यात बंद करायची असेल तर करा, देशात तांदूळ कमी असताना आम्ही दुबईचा हट्ट धरणार नाही. पण मे महिन्यात सांगा, पऱ्हे टाकायच्या आधी. आणि मध्येच करावी लागली तर जहाजाला देता तशी सवलत बांधीतल्या पिकाला द्या. ज्याची मानांकनाची नोंद आहे, ज्याचा सातबाऱ्यावर पेरा आहे, त्याचा त्या एका हंगामाचा माल जाऊ द्या. चिन्नोर किती पिकतो? देशाच्या तांदळात तो चिमूटभरही नाही. त्याने कोणाचं रेशन अडणार नाही. हे निवेदन तयार आहे, खासदार आणि आमदार दोघांनाही देणार आहोत, पक्ष पाहणार नाही.

आणि आपल्या लोकांकडे मागणं. पऱ्हे टाकायचे दिवस आलेत. जाड धानाचा हमीभाव २०२५ च्या खरिपाला २३६९ झाला, त्यामुळे चिन्नोर लावा असं मी कोणाला दडपून सांगणार नाही, आणि या वेळी भाव तोंडी बोलणार नाही. देऱ्याच्या व्यापाऱ्याने पुढच्या मालाची चौकशी केली आहे, त्याचं पत्र आलंय, पण आगाऊ पैसे आलेले नाहीत. जसं आहे तसं सांगतोय. नऊचे आता चौदा झालेत. त्यांत २०२३ चे दोन जण परत आलेत. एक ते काकाजी, ज्यांनी अंगणात भाव विचारला होता. आल्यावर पहिलं वाक्य तेच: "आता का देशीन?" मी म्हणालो, काकाजी, या वेळी कागदावर लिहून देतो. ते म्हणाले, "लिव. पन तुकडा पाच टक्क्याच्या आत कसा ठेवाचा ते बी लिव."

तेच लिहिण्यासाठी येत्या रविवारी सकाळी आमच्याच अंगणात बसणार आहोत. कापणी किती ओलाव्यावर, सुकवण सावलीत की ताडपत्रीवर, पुंजणे किती दिवस, हे मामाजी सांगणार आहेत. अधिकृत वापरकर्त्याचे अर्ज तिथेच भरू. येताना सातबारा, आधार आणि घरच्या चिन्नोरची मूठभर लोंब आणा, बियाण्यात भेसळ आहे का ते पाहता येईल. चहा आमच्याकडे.